दोन बिंदूंमधलं गणित
संगणक वेगवान झाले म्हणून ट्रान्झिस्टरचं गणित सुटलं, असं सर्रास मानलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. व्हॅन रूसब्रोक यांनी १९५० सालीच अर्धवाहकातल्या विद्युतवहनाची समीकरणं मांडली होती. पण अंतराचे तुकडे पाडून ती सोडवताना, विद्युतक्षेत्र प्रबळ असलं की उत्तरं हेलकावे खात. इलेक्ट्रॉनांची घनता चक्क ऋण येई! तुकडे बारीक केले की हे टळतं, हा आक्षेप खराच. पण मग आकडेमोडीचा पसारा अफाट वाढे. १९६९ मध्ये बेल लॅब्जच्या शारफेटर आणि गुमेल यांनी शेजारच्या दोन बिंदूंमध्ये प्रवाह स्थिर धरला. त्यामुळे घनता सरळ रेषेत न बदलता घातांकी बदलू लागली आणि तुकडे मोठे ठेवले तरीही धनच राहिली. पुढे ऊर्जावहनाच्या प्रारूपांनीही हीच रीत उचलली.