टायटॅनिकची थोरली बहीण



टायटॅनिक माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. पण तिची थोरली बहीण २४ वर्षं इमानेइतबारे साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क वाऱ्या करत होती, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. तिचं नाव ऑलिंपिक.

दोघी बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीतल्या. ऑलिंपिक पहिल्यांदा निघाली १४ जून १९११ ला. डिझाइन जवळजवळ एकच, म्हणजे दोषही तेच. टायटॅनिकवर २० होड्या होत्या, त्यात जागा ११७८ जणांना. जहाजावर माणसं सुमारे २२००. तरी कागदोपत्री सगळं नियमात! कारण नियम माणसं मोजत नव्हता, जहाजाचं टनेज मोजत होता.

१५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडालं. नऊच दिवसांनी ऑलिंपिक साउदॅम्प्टनहून निघणार होती. कंपनीने घाईघाईने घडीच्या ४० जुन्या होड्या चढवल्या. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमन लोकांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, या कुजक्या आहेत, आम्ही येत नाही. २८४ जण सरळ जहाजावरून उतरले. त्यांच्या गावातली शेकडो माणसं नुकतीच गेली होती, त्यांना "नियमात बसतं" हे उत्तर कसं पटणार? मग चाचणी झाली, तर एका होडीत खरंच पाणी शिरलं. पुढे बदली कामगार आणले, तेव्हा ५४ खलाशीही उतरले. त्यांच्यावर बंडाचा खटला झाला. कोर्टाने आरोप सिद्ध धरला, पण शिक्षा न देता सोडून दिलं. सफर अर्थातच रद्द.

त्या हिवाळ्यात ऑलिंपिक बेलफास्टला परतली. होड्या साठाच्या वर गेल्या, आत दुसरं कवच बसलं, पाणी अडवणाऱ्या भिंती उंच झाल्या. आधी पुढचे चार कप्पे भरले तरी तरंगेल असा हिशेब होता, तो आता सहावर गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅच आला, पण प्रॉडक्शन क्रॅश झाल्यावर!

पहिल्या महायुद्धात तिने सैन्य वाहिलं. १२ मे १९१८ ला तर चक्क धडक मारून यू-१०३ ही जर्मन पाणबुडी बुडवली.

युद्धानंतर बॉयलर कोळशाऐवजी तेलावर आले. इंजिनरूममधली माणसं सुमारे ३५० वरून ६० वर आली. म्हणजे १९१२ साली ज्या कामाच्या माणसांनी हट्ट धरला, तेच काम संपलं. ले-ऑफ ही काही आपल्याच धंद्याची मक्तेदारी नाही.

मग अमेरिकेने १९२१ आणि १९२४ मध्ये स्थलांतरितांवर कोटा लावला. तिसऱ्या वर्गाची गर्दी ओसरली, आणि या कंपन्यांचं पोट त्याच गर्दीवर होतं. पुढे मंदी आली आणि १९३५ मध्ये ऑलिंपिक निवृत्त झाली. ती तोडायला जॅरोला नेली, कारण तिथली गोदी बंद पडून गाव बेकार झालं होतं. जाताजाता तिने तेवढी रोजी दिली.

तिच्या लाउंजची लाकडी पॅनेलं इंग्लंडात अ‍ॅनिकच्या व्हाइट स्वान हॉटेलात आहेत. यूकेच्या मंडळींनी त्या बाजूला गेलात तर जरूर बघून या.