नारायणगावच्या पलीकडची फाइल

नाशिकहून पुण्याला जाणारी आपली मंडळी नारायणगावला चहाला हमखास थांबतात. तिथून थोडं आत वळलं की खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, तिथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार डिश, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांचं हे स्वप्न. आधी १९७० मध्ये त्यांनी उटीला अशीच एक भव्य दुर्बीण उभी केली होती.

१९ ऑक्टोबर २०१६ ला याच डिशनी मंगळाकडे कान लावला. युरोपचं शियापारेली यान तिथे उतरत होतं. सिग्नल जेमतेम काही वॉटचा, अंतर साडेसतरा कोटी किलोमीटर. तरी खोडदला तो दिसला! उतरायच्या थोडं आधी तो गप्प झाला. नंतर कळलं की एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यांवरून यानाच्या कॉम्प्युटरने आपली उंची शून्याखाली आहे असं ठरवलं आणि पॅराशूट आधीच सोडून दिलं. (उणे उंची! एक साधा व्हॅलिडेशन चेक हवा होता, असं तुम्हालाही वाटलं ना?)

पण खोडदला दिसली ती फक्त सिग्नलची सरकणारी फ्रिक्वेन्सी. आतला मजकूर नाही. एरवीच्या निरीक्षणांत तर सिग्नल पकडणं हे निम्मंच काम. तो ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो, तिथे त्याचे आकडे होतात, मग ३० डिशच्या ४३५ जोड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडले जातात. हे काम आधी खास बनवलेलं हार्डवेअर करायचं; २०१० च्या सुमारास साध्या लिनक्स पीसींच्या क्लस्टरने ते हाती घेतलं. यातून निघते ती एलटीए फाइल. हा खोडदचा घरचा फॉरमॅट. बाहेरच्या जगाला तो वाचता येत नाही. म्हणून 'लिस्टस्कॅन' आणि 'जीव्हीफिट्स' असे दोन छोटे प्रोग्रॅम चालवायचे, की फिट्स फाइल मिळते. तिचं नाव काय, तर 'टेस्ट.फिट्स'. आपल्या प्रोजेक्टमध्येही असंच चालतं म्हणा!

माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतले सर्वात दुर्लक्षित हीरो हे दोन प्रोग्रॅम आहेत. उद्या ते चालेनासे झाले तर रात्र-रात्र जागून घेतलेली एलटीएमधली निरीक्षणं नुसती बाइट्सची रास.

फिट्सचा जन्म १९७९ चा. अमेरिकेतल्या डॉन वेल्स आणि एरिक ग्रायसन यांना आपापल्या वेधशाळांचा डेटा एकमेकांच्या मशीनवर वाचायचा होता. तेव्हा कुणाचा शब्द ३२ बिटांचा, कुणाचा ३६, कुणाचा ६०. म्हणून २८८० बाइटचा ब्लॉक निवडला: २३,०४० बिट, तिन्हींनी नि:शेष भाग जातो. (करून बघा.) हेडरची ओळ ८० अक्षरांची, पंचकार्डाएवढी. आणि एक कडक नियम: एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल पुढच्या कुठल्याही बदलाने अवैध होता कामा नये. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचं इतकं पथ्य मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली हस्तलिखितं साठवायलाही हाच फॉरमॅट घेतला.

आजही कुठलीही फिट्स फाइल साध्या एडिटरमध्ये उघडलीत तर सुरुवातीलाच एक शब्द वाचता येतो: 'सिम्पल'.