कबुलीजबाबाचे प्रक्षेपण

31 मे 1950 रोजी प्रागमध्ये माजी खासदार मिलाडा होराकोव्हा आणि अन्य बारा जणांवर देशद्रोह व हेरगिरीचा खटला सुरू झाला. सोव्हिएत सल्लागारांच्या देखरेखीखाली प्रश्न आणि उत्तरे आधीच लिहून झाली होती. कोठडीत आरोपींकडून ती पाठ करून घेतली गेली होती. न्यायालयाला उरले होते ते फक्त ऐकवण्याचे काम.

त्यासाठी रेडिओ, वृत्तपत्रे आणि सिनेमाचे कॅमेरे सज्ज होते. रोज सुनावणीतले निवडक भाग प्रसारित होत. कारखान्यांत, कचेऱ्यांत सभा भरवून ठराव संमत केले जात. आरोपींना कठोरात कठोर शिक्षा मागणारे असे 6,000 हून अधिक ठराव न्यायालयात पोहोचले. प्रचाराचे खरे यश हे होते. ठरावाला हात वर करणारा प्रत्येक जण निकालात भागीदार झाला होता.

नाझींच्या तुरुंगात जवळपास पाच वर्षे काढलेल्या होराकोव्हा मात्र संहितेबाहेर गेल्या. आपल्या मतांवर आपण ठाम आहोत, असे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. अशी उत्तरे श्रोत्यांपर्यंत जाऊ दिली गेली नाहीत. खटल्यावर बेतलेला मोठा चित्रपटही बारगळला. काही तुकडे तेवढे दाखवले गेले.

सहआरोपी झाविश कालान्द्रा हे पत्रकार आणि अतिवास्तववादी वर्तुळातले लेखक. 1936 च्या मॉस्को खटल्यांवर टीका केल्यामुळे कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडावे लागलेले. त्या खटल्यांतली यंत्रणा ओळखणाऱ्या या माणसानेही आता पढवलेला कबुलीजबाब दिला. त्यांना वाचवण्यासाठी आवाज उठवा, असे आंद्रे ब्रेताँ यांनी पॅरिसमधून कवी पॉल एल्युआर यांना जाहीर पत्राने विनवले. एल्युआर यांनी नकार दिला. निर्दोष असल्याचे ओरडून सांगणाऱ्यांसाठीच आपल्याला वेळ पुरत नाही, गुन्हा कबूल करणाऱ्यांकडे कुठे बघू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शब्दांवर हयात घालवलेल्या कवीला ते शब्द कोणी लिहून दिले असतील, हा प्रश्न पडला नाही.

27 जून 1950 रोजी होराकोव्हा, कालान्द्रा आणि आणखी दोघांना फाशी दिली गेली.

प्रचारासाठी केलेले चित्रीकरण मात्र टिकले. अनेक दशकांनी ते हाती लागले, तेव्हा रेडिओने गाळलेली होराकोव्हांची उत्तरे त्यांच्याच आवाजात ऐकता आली.