समुद्रतळाची सफर आणि तिऱ्हाइताची साक्ष

येमाईच्या या गावी समुद्राविषयी बोलावयास उभे राहणे थोडेसे धारिष्ट्याचेच आहे. मुंबईचा किनारा येथून दीडएकशे किलोमीटर दूर. आपला नित्याचा संबंध घोड नदीच्या पाण्याशी आणि विहिरीशी. पण विहिरीत उतरणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही : खाली जाण्यापूर्वी दोर ओढून पाहावा लागतो, आणि तो वरच्या जाणत्या माणसानेही ओढून पाहावा लागतो. माझे आजचे सारे सांगणे या एका दोराभोवतीच आहे.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक ही बोट हिमनगावर आदळली आणि काही तासांत पंधराशेच्या आसपास माणसे बुडाली. बोटीवर सुमारे बावीसशे माणसे होती. जीवनौका वीस, आणि त्यांत जागा ११७८ माणसांची. मौज अशी, की यात कायदा मोडलेला नव्हता! १८९४ साली दहा हजार टनांच्या बोटी डोळ्यांपुढे ठेवून केलेला इंग्रजी नियम सोळा जीवनौकांवर समाधान मानीत होता, आणि ही बोट होती शेहेचाळीस हजार टनांची. तपासणारा होता, पण तो मागच्या काळात झोपलेला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. समुद्राचे कायदे असेच लिहिले गेले आहेत. शाई बुडालेल्यांची, आणि हात मागे उरलेल्यांचा.

आपल्या कोकणचा दाखला याहून जवळचा. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ संपत आला असता, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट वाटेत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला वार्ता कळावयास कित्येक तास लागले, आणि जे वाचले त्यांतील अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. तिकीट काढणाऱ्या त्या प्रवाशाने बोट तपासून पाहावी कशी? त्याला ते ज्ञान नव्हते आणि तो अधिकारही नव्हता. म्हणूनच नेणारा आणि जाणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस लागतो. त्याला विक्रीत नफा नसतो. त्याचे काम एवढेच, की दोर ओढून पाहावा.

आता टायटॅनिकच्या समाधीकडे परत जाऊ. १९८५ साली तिचे अवशेष अटलांटिकच्या तळाशी सुमारे ३८०० मीटरवर सापडले. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो; म्हणजे तेथे नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चारशे किलोंचे ओझे! अशा ठिकाणी माणूस पूर्वीही गेला होता. १९६० साली पिकार आणि वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' यानातून पॅसिफिकच्या सर्वांत खोल गर्तेत उतरून सुखरूप वर आले. पण ते जाणे ज्ञानासाठी होते. पुढे श्रीमंतांना तळ दाखविण्याचा व्यापार सुरू झाला, आणि ओशनगेट या अमेरिकन कंपनीने 'टायटन' यानात एका जागेचा भाव अडीच लाख डॉलर ठेवला.

या यानाचे कवच कार्बनच्या तंतूंचे होते. अशा कामी जाडजूड टायटॅनियमचा किंवा पोलादाचा गोल वापरण्याचा रिवाज. तंतूंचे थर मात्र वारंवार दाबाखाली आले की आतल्या आत सुटू लागतात. २०१८ साली कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने धोका दाखविला. त्याला काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी या शास्त्रातील तीसहून अधिक जाणत्यांनी पत्र लिहून इशारा दिला. कंपनीचे उत्तर असे, की स्वतंत्र तपासणीमुळे नव्या कल्पनांची वाट अडते. जुलै २०२२ मध्ये वर येताना कवचातून मोठा आवाज झाला, तरी यान पुढच्या वर्षी पुन्हा उतरले. १८ जून २०२३ रोजी, उतरण्यास दोन तासही झाले नसताना, ते दाबाने चिरडले गेले. आत पाचजण होते : कंपनीचे प्रमुख स्टॉक्टन रश, ब्रिटिश उद्योगपती हॅमिश हार्डिंग, फ्रेंच तज्ज्ञ नार्जोले, आणि पाकिस्तानी उद्योगपती शहजादा दाऊद व त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सुलेमान. अनेक देशांची जहाजे चार दिवस शोधीत होती. २२ जूनला तुकडे सापडले. त्याच आठवड्यात, १४ जूनला, ग्रीसजवळ निर्वासितांनी खचून भरलेली होडी बुडून शेकडो माणसे गेली होती. त्यांच्या वाट्याला जगाचे तेवढे लक्षही आले नाही.

कोणी म्हणेल, 'श्रीमंतांनी मरण विकत घेतले. आपल्याला काय त्याचे?' हे मला मान्य नाही. मृत्यूचा उल्लेख असलेल्या कागदावर त्यांनी सह्या केल्या हे खरे. पण संमतीला ज्ञानाचा आधार हवा. जाणत्यांचे इशारे बाजूस सारून घेतलेली सही म्हणजे धैर्य नव्हे. अडीच लाख डॉलर देणारा आणि रामदासवर चढलेला चाकरमानी, दोघेही या एका बाबतीत सारखेच दरिद्री : दोघांनाही दोर ओढून पाहता आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने स्पष्ट सांगितले, की हा अपघात टाळता आला असता.

आपल्यापुरता याचा अर्थ काय? २०२४ साली सेवानिवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका वेंगुर्ल्याजवळ निवती रॉक्सपाशी बुडवून तेथे पाण्याखालील संग्रहालय करण्याची आणि प्रवाशांना पाणबुडीतून ते दाखविण्याची योजना आपल्या शासनाने हाती घेतली आहे. तेथील खोली टायटॅनिकपुढे काहीच नव्हे, आणि ही हौस वाईटही नव्हे. कोकणच्या पोरांना त्यातून भाकरी मिळावी. पण माणूस गुदमरायला ३८०० मीटर लागत नाहीत. आपल्या विहिरीही पुरतात. तेव्हा पहिल्या तिकिटाआधी तपासणाऱ्याची नेमणूक व्हावी, तो विकणाऱ्याच्या पगारावर नसावा, आणि नको म्हणाला तर त्याची नोकरी जाऊ नये.

उद्या तुमच्यापैकी कोणी मुलाबाळांसह त्या पाणबुडीच्या दाराशी उभा राहील. त्याने भाडे विचारण्याआधी एवढेच विचारावे : दोर कोणी ओढून पाहिला?