२२ फेब्रुवारीचा चेरी-पाय

अमेरिकेत २२ फेब्रुवारीला, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीला, घरी चेरी-पाय भाजण्याची जुनी प्रथा आहे. मैदा मळण्यापासून वरची जाळी विणण्यापर्यंत सारे स्वतःच्या हातांनी करायचे, हा त्यातला अभिमानाचा भाग. या प्रथेत एक साधीशी अडचण मात्र आहे. वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियात चेरी पिकते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. फेब्रुवारीत त्या झाडावर फळ तर सोडाच, पानही नसते. मग या पायातली चेरी येते कुठून? #थ्रेड

आधी पदार्थाविषयी. ‘पाय’ हा शब्द मराठी कानाला विनोदी वाटतो खरा, पण पदार्थाची कल्पना आपल्याला परकी नाही. खाली एक पारी, वर एक पारी, मध्ये सारण. फरक मोहनात आहे. करंजीच्या पिठात मोहन कडकडीत घालतात. पायच्या मैद्यात लोणी किंवा चरबी थंडगारच मिसळावी लागते आणि पाणीही बर्फाचे. लोण्याचे बारीक तुकडे मैद्यात अख्खे राहिले पाहिजेत. भट्टीत ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि ती मैद्याचे थर एकमेकांपासून सोडवते. खारी बिस्किटाचा खुसखुशीतपणाही असाच थरांतून येतो. चेरी आंबट जातीची हवी, कारण गोड चेरी भाजल्यावर बेचव लागते. प्रत्येक फळातली बी काढायची, रस दाट व्हावा म्हणून साखरेबरोबर कॉर्नफ्लोर घालायचे आणि वरच्या पारीच्या पट्ट्या कापून जाळी विणायची. जाळी नुसती शोभेची नसते. रसाळ फळाची वाफ तिच्यातूनच बाहेर पडते.

हे फळ अमेरिकेचे नव्हे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाँटस प्रदेशातून रोमन सेनापती लुकुलस याने इ.स.पू. ७४ च्या सुमारास चेरी इटलीत आणली, असे प्लिनी सांगतो. तिथल्या केरासुस या नगराचे, आजच्या तुर्कस्तानातील गिरेसुनचे, नाव या फळाच्या नावाशी जोडलेले आहे. चेरीच्या रानटी जाती युरोपात आधीपासून होत्या. त्यामुळे लुकुलसने आणले असेल ते लागवडीचे एखादे चांगले वाण, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे इंग्लंडमार्गे वसाहतकऱ्यांबरोबर ही झाडे अटलांटिक ओलांडून गेली. पायही त्यांच्याबरोबरच गेला.

आता वॉशिंग्टनचा संबंध. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांचे आवडते चेरीचे झाड तोडले आणि विचारताच खरे सांगून टाकले, ही गोष्ट जगभरच्या शाळकरी मुलांनी ऐकलेली आहे. तिचा कर्ता मेसन लॉक वीम्स हा धर्मोपदेशक होता आणि पुस्तकविक्रेताही. वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये वारला आणि १८०० मध्येच वीम्सने त्याचे चरित्र बाजारात आणले. त्या पहिल्या आवृत्तीत चेरीचे झाड नाही. ते उगवले १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत! आधार म्हणून वीम्सने एका अनाम वृद्ध बाईचा हवाला दिला. दुसरा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. गंमत म्हणजे वीम्सच्या मूळ कथेत झाड तुटतही नाही, त्याची साल तेवढी सोलली जाते. तोडण्याचे काम नंतरच्या कथाकारांनी पूर्ण केले. मॅकगफीच्या क्रमिक पुस्तकांतून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवली गेली. खरेपणाचा धडा देणारी गोष्ट स्वतःच रचलेली असावी, हा विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रत्यक्षातल्या वॉशिंग्टनच्या डायऱ्यांत चेरीची नोंद सापडते ती झाडे तोडल्याची नव्हे, कलमे बांधल्याची.

कथेमुळे चेरी जयंतीला चिकटली, पण ऋतू आड येत होता. तो दूर केला डब्याने. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने बाटलीबंद अन्न उकळून टिकवण्याची रीत सिद्ध केली. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. १८५८ मध्ये अमेरिकेत जॉन मेसनच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीला पेटंट मिळाले आणि उन्हाळ्यातली चेरी घरोघरी फडताळात जाऊन बसली. त्यानंतर कारखाने आले. म्हणजे २२ फेब्रुवारीचा ‘सारे काही घरचे’ असा मिरवला जाणारा पाय बहुतेकदा बरणीवर किंवा डब्यावरच विसंबून असे.

डब्यातली ही चेरी मुख्यतः मिशिगनची. तिथे १८५२ मध्ये पीटर डॉहर्टी या मिशनऱ्याने ओल्ड मिशन द्वीपकल्पावर चेरीची झाडे लावली. मिशिगन सरोवराच्या गार पाण्यामुळे वसंतात मोहोर उशिरा फुलतो आणि हिमतुषारातून वाचतो. त्यामुळे मोंमोरेन्सी ही आंबट जात तिथे अशी रुजली की आज अमेरिकेतील आंबट चेरीचा बहुतांश वाटा याच राज्यातून येतो. यंत्राने झाड हलवून फळे पाडण्याची पद्धत १९६० च्या दशकात पसरली. त्याआधी दाणा न् दाणा हातांनी तोडला जाई. ते हात बहुतेकदा दूरच्या स्थलांतरित मजुरांचे असत, त्यांतही टेक्साससारख्या ठिकाणाहून आलेल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचे. सरोवराच्या पलीकडच्या काठावर, विस्कॉन्सिनच्या डोर काउंटीत, तर १९४५ च्या हंगामात जर्मन युद्धकैद्यांनी चेरी तोडली.

पारीतली चरबीही घरची उरली नाही. १९११ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने सरकीच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून क्रिस्को हा घट्ट, पांढरा स्निग्ध पदार्थ विकायला काढला आणि पायच्या पारीसाठी त्याची जोरदार जाहिरात केली. ही रसायनविद्या मराठी घरांनाही ठाऊक आहे. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. डालड्याला ‘तूप’ म्हणावे की नाही, हा वाद आपल्या स्वयंपाकघरांत जसा रंगला, तसाच लोणी, डुकराची चरबी की क्रिस्को हा वाद पाय करणाऱ्यांत आजही मिटलेला नाही.

‘फ्रॉम स्क्रॅच’ हा इंग्रजी शब्दप्रयोगही मुळात चुलीजवळचा नाही. शर्यतीसाठी जमिनीवर ओढलेली रेघ म्हणजे स्क्रॅच. कोणतीही सवलत न घेता त्या रेघेपासून धावणारा तो ‘स्क्रॅच’पासून निघालेला. मात्र ती रेघ कुठे ओढायची? बरणीपाशी, झाडापाशी, की चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसापाशी?

वॉशिंग्टनच्या चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव हर्क्युलिस होते. तो गुलाम होता. माउंट व्हर्ननच्या मुदपाकखान्यातून त्याला १७९० मध्ये फिलाडेल्फियाला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेण्यात आले. तो कसबी म्हणून नावाजलेला होता. स्वयंपाकघरातले उरलेसुरले विकून तो वर्षाला शंभर-दोनशे डॉलर कमावी आणि मखमली गळपट्टीचा कोट घालून, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन संध्याकाळी शहरात फिरायला निघे. मार्थाच्या नातवाने हे वर्णन लिहून ठेवले आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने सहा महिने सलग तिथे राहिलेल्या गुलामाला मुक्तता मागता येई. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवून पुन्हा बोलावत असे, आणि याचा बोभाटा होऊ नये अशी सूचना त्याने सचिवाला दिली होती. खरेपणाच्या कुऱ्हाडीची कथा वाचताना हे पत्रही शेजारी ठेवावे.

१७९६ च्या अखेरीस हर्क्युलिसला माउंट व्हर्ननलाच ठेवून घेतले गेले आणि माती खणणे, दगड फोडणे अशा कामांना जुंपले गेले. २५ फेब्रुवारी १७९७ च्या मळ्याच्या साप्ताहिक अहवालात त्याच्या नावापुढे नोंद आहे: फरार, चार दिवस. मागे मोजले की तारीख येते २२ फेब्रुवारी. त्या दिवशी वॉशिंग्टनला पासष्ट वर्षे पूर्ण झाली आणि फिलाडेल्फियात त्याचा जाहीर सोहळा चालू होता.

काही आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, लुई फिलिप हा फ्रेंच राजपुत्र, पुढे फ्रान्सचा राजा झालेला, माउंट व्हर्ननला आला. बाप पुन्हा दिसणार नाही म्हणून तुला वाईट वाटत असेल, असे त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारले. तिने सांगितले की तिला आनंदच झाला आहे, कारण आता तो मोकळा आहे. हे संभाषण लुई फिलिपने रोजनिशीत टिपून ठेवले.

हर्क्युलिसच्या हातची एकही पाककृती कागदावर उरलेली नाही. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रान्वये १ जानेवारी १८०१ रोजी तो कायद्यानेही मुक्त झाला. त्याची मुले मात्र आईकडून मार्थाच्या पहिल्या सासरच्या, कस्टिस घराण्याच्या मालमत्तेत मोडत होती. त्यांना ते मृत्युपत्र लागू नव्हते.