टोचणाऱ्यांच्या शंका

बेळगावात ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर सभा येते. टिळकवाडीतल्या त्या मैदानावर सीमाभागातल्या मराठी माणसांचे मेळावे भरले, घोषणा घुमल्या, पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. पण या नावात ‘व्हॅक्सिन’ कसे आले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. एके काळी इथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे. ती गावोगाव टोचत फिरणाऱ्या माणसाला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. तो वेशीत दिसला की आया पोरांना घेऊन परसात दडत, हे जुन्या माणसांकडून आपण ऐकले आहे. त्यामुळे लसीला भिणारा तो अडाणी आणि टोचणारा तो शहाणा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. इतिहास चाळताना मला ती टिकलेली दिसत नाही. लसीबद्दलच्या शंका पुष्कळदा वैद्यकाच्या घरातूनच निघाल्या आहेत.

जेन्नरच्या लसीविरुद्ध लंडनमध्ये पुस्तके लिहिणारे बेंजामिन मोझली आणि विल्यम रौली हे दोघेही डॉक्टरच होते. ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. बंगालात त्या वेळी टीकादार होते. खऱ्या देवीच्या फोडातले द्रव्य टोचून सौम्य देवी आणण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. नव्या लसीला त्यांनी विरोध केला तेव्हा इंग्रज अधिकारी म्हणाले, यांचे पोट बुडते म्हणून हे ओरडतात. पोट बुडत होते हे खरेच. पण गाईच्या देवीची लस टोचलेल्या माणसालाही पुढे देवी येतात, हे त्यांचे म्हणणेही खरे होते. एकदा टोचले की जन्माची सुटका, ही जेन्नरची खात्री पुढे टिकली नाही आणि पुन्हा टोचून घेण्याची पद्धत सुरू करावी लागली. शंका घेणाऱ्याचा स्वार्थ दिसला की त्याचा मुद्दा ऐकायचा नाही, ही सरकारी खोड तेव्हापासूनची.

याहून बोलका इतिहास प्लेगच्या लसीचा आहे. प्लेग म्हटला की आपल्याला पुणे, रँड आणि चाफेकर आठवतात. त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा, एवढ्या जागेत वाल्डेमार हाफकिन काम करीत होता. ओडेसाचा हा रशियन ज्यू प्राणिशास्त्र शिकलेला. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. सरकारी वैद्यक खात्यातल्या गोऱ्या डॉक्टरांना तो उपरा वाटे. त्याने बकऱ्याच्या मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्याखाली प्लेगचे जंतू वाढविले. ते तुपाखाली झुंबरासारखे लोंबत. मग उष्णतेने मारून त्यांची लस केली. गाईचे किंवा डुकराचे मांस टाळले नसते, तर ती लस कोणाच्या दंडात गेली असती?

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक. ताप आला, दंड सुजला. मग कॉलेजातली मंडळी पुढे आली. कलकत्त्यास १८९४ मध्ये पटकीच्या लसीच्या वेळीही हेच घडले होते. वस्तीतले लोक दगड उचलण्याच्या बेतात असताना बरोबरच्या डॉक्टरांनी त्यांच्या देखत स्वतःला टोचून घेतले, तेव्हा लोक रांगेत उभे राहिले.

पण डॉक्टरांचे समाधान दंड दाखवून होत नाही, त्यांना आकडे लागतात. १८९८ च्या फेब्रुवारीत गायकवाडांच्या बडोदे राज्यातल्या उंढेरा गावात ते मिळाले. प्रत्येक कुटुंबातल्या सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तिथे टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतील ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेली ६४; त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली. लसीची बाजू याहून स्पष्ट कशाने होणार? तरी ते २६ जण वाचताना मी अडखळतो. एका चुलीवर जेवणाऱ्यांत कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही, ही निवड झाली त्या दिवशी घरात काय बोलणे झाले असेल?

त्याच वर्षी आमच्या शेजारच्या हुबळीत बहुतेक सगळ्या गावाने टोचून घेतले. तरीही प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने हाफकिनच्या हिशेबात आणि लसीच्या मोजमापात दोष काढले. लस उपयोगी आहे हे कमिशनने मान्य केले. पण प्रत्येक बाटलीत सारखेच द्रव्य असते का, हा प्रश्न डॉक्टरांचा होता आणि तो रास्त होता.

त्या प्रश्नाला भयंकर उत्तर मिळाले ते पंजाबातल्या मलकोवाल गावी. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली. त्यांतील एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या, ज्या १९ जणांना टोचले होते, ते सगळे धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिनने कार्बोलिक ॲसिड घालण्याचे सोडून केवळ उष्णतेवर भरवसा ठेवला होता, हे कारण पुढे झाले. त्याला कामावरून दूर केले. मात्र बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला, हे चौकशीच्या कागदांतच होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू इतके दिवस बाटलीत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसने व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरला. पाच वर्षे गेली होती. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

मला वाटते, टोचणाऱ्याच्या मनातली खरी भीती इथे आहे. सामान्य माणूस सुईला भितो. आरोग्य खात्यातला माणूस सुईमागच्या साखळीला भितो. बाटली कुठे भरली, कोणी उघडली, चिमटा कुठे पडला हे त्याला ठाऊक असते. काही बिनसले तर कागदावर कोणाचे नाव येईल, हेही तो जाणून असतो.

१६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे कोविडची लस सुरू झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. तीन हजारांवर केंद्रे आणि प्रत्येकी शंभर माणसे, अशी योजना होती. पहिल्या दिवशी सुमारे दोन लाख आली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी पत्र देऊन कोव्हॅक्सिनऐवजी कोविशील्ड मागितली. तिसऱ्या टप्प्याचे आकडे नसताना कोव्हॅक्सिनला ‘क्लिनिकल ट्रायल’च्या अटीवर परवानगी होती आणि टोचून घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली जात होती. वर्तमानपत्रे विचारू लागली, डॉक्टरच घाबरले तर जनतेने काय करायचे?

आमच्या नात्यातली एक परिचारिका तेव्हा हावेरीकडे नोकरीला होती. फोनवर मी तिला तेच ऐकवले. ती म्हणाली, “मामा, तीस वर्षं मी दुसऱ्यांना सुया देतेय. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणाच्या दंडाला हात लावत नाही. आता माझीच पाळी आली, तर वाचू नको, नुसती सही कर म्हणतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

कोव्हॅक्सिनचे पहिले अंतरिम आकडे ३ मार्चला जाहीर झाले आणि पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ समितीने ती अट काढण्याची शिफारस केली. त्या महिन्याच्या मध्यावर तिने लस घेतली. एक दिवस ताप आला, दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. बाटलीचा बॅच नंबर तिने आपल्या वहीत लिहून ठेवला आहे.