पाळ, खाण आणि धरण : भंडारा जिल्ह्यातील श्रमसुरक्षेचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि या दोन्ही ओळखींच्या मागे शतकानुशतके चाललेले मातीकाम उभे आहे. गोंड राजवटीतील तलाव, ब्रिटिश काळातील दुष्काळी कामे आणि लोहमार्ग, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी आणि पवनी तालुक्यातील गोसीखुर्दचे धरण ही सारी कामे खणणाऱ्यांच्या आणि टोपली वाहणाऱ्यांच्या हातून झाली. मात्र त्यांचा इतिहास लिहिताना ती कोणी करवून घेतली याची जितकी नोंद झाली, तितकी ती करताना कोणाचा जीव कसा जपला गेला किंवा गेला नाही याची झाली नाही. या जिल्ह्यापुरते पाहिले तर एक विसंगती ठळकपणे दिसते. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला सुरक्षेबाबत बोलण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला, त्याच काळात काही कोसांवर तलावाची पाळ किंवा कालवा खणणाऱ्या मजुराला तो मिळाला नाही, आणि या फरकाचे कारण धोक्याच्या स्वरूपात नसून कामगारांची गणना कशी झाली आणि त्यांना कोणते स्थान दिले गेले यात शोधावे लागते.

जिल्ह्यातील जुने तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. या समाजाला गोंड राजांनी बनारसकडून आणून वसविले, असे परंपरा सांगते. उताराचा नेमका अंदाज घेऊन पाळ, म्हणजे मातीचा बांध, कोठे घालावी, तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, कोठे बसवावी आणि जादा पाण्यासाठी सांडवा कोणत्या अंगाला काढावा, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आले. पुढे हे तलाव गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आले. म्हणूनच त्यांना माजी मालगुजारी किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मालगुजारी व्यवस्थेत खणण्याचे श्रम करणाऱ्याचे तलावाच्या मालकाशी असलेले नाते जमिनीचे, कर्जाचे आणि जातीचे होते; त्यामुळे काम करताना कोणी जखमी झाल्यास त्याची सोय लावणे हा मालगुजाराच्या दयाबुद्धीचा विषय ठरत असे, हक्काचा नव्हे.

या संबंधात पहिला बदल दुष्काळाने आणला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मोठ्या प्रमाणावर मदतकामे काढण्यात आली आणि तेथे दुष्काळ संहिता, म्हणजे मदतीचे नियम ठरविणारी शासकीय पुस्तिका, लागू झाली. या संहितांत पिण्याच्या पाण्याची राखण, आजाऱ्यांसाठी झोपडीवजा दवाखाना आणि मजुरांच्या मुलांसाठी अन्नछत्र यांची तरतूद होती. पटकीच्या साथीत या छावण्यांतून माणसे मोठ्या संख्येने दगावत असल्याने तरतुदींचा भर साहजिकच रोगराईवर राहिला. तरीही कामाच्या जागी मजुराबरोबर त्याचे मूलही असते आणि त्याची व्यवस्था काम काढणाऱ्याने करायची असते, ही जाणीव शासनाच्या कागदांत शिरली, हे महत्त्वाचे मानावे लागेल.

मातीकामातील खरा धोका मात्र रोगाइतका दिसणारा नव्हता, आणि तो समजून घेण्यासाठी खड्ड्याच्या तोंडाशी काय घडते हे जवळून पाहणे आवश्यक आहे. मातीकामाची मजुरी बहुधा घनफळावर ठरते. मुकादम खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली मापतो आणि त्यावरून मजूरजोडीचे दाम निघतात. अशा वेळी कमीत कमी श्रमांत जास्तीत जास्त माती सुटावी म्हणून खणणारा दरडीच्या पायथ्याशी कुदळीने आत पोकळी करीत जातो, जेणेकरून वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली यावा. चिकण माती वरून टणक दिसली तरी उन्हाने तिला पडलेल्या भेगा आत खोलवर गेलेल्या असतात, आणि पावसाची एक सर येऊन गेली की माती जड होते आणि तिची पकड सुटते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते, त्यामुळे डोके उघडे राहून केवळ छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास कोंडून दगावू शकतो. पोकळीशी वाकलेला पुरुष आणि त्याच्या मागे टोपले भरण्यासाठी थांबलेली रेजा, म्हणजे मजूर स्त्री, ही दोघेही या ढिगाऱ्याच्या टप्प्यात असतात. यावरचा उपाय, म्हणजे दरडीला उतार देणे किंवा पायऱ्या पाडणे, कोणत्याही जुन्या खणणाऱ्याला ठाऊक असतो. पण उतारासाठी काढलेली जादा माती मापात धरली जाणार नसेल, तर सुरक्षितपणे खणणारी जोडी त्या दिवशी कमी मजुरी घेऊन घरी जाते. या अपघातांना मजुराचा निष्काळजीपणा असे नाव देण्याची रूढी आहे आणि ती अन्यायाची आहे, कारण पोकळी कुदळीने केलेली असली तरी ती करायला लावणारा दर वरून ठरलेला असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी तुमसरच्या परिसरात मँगनीजचे उत्खनन वाढले आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही नावे पोलाद उद्योगाच्या नकाशावर आली. याच सुमारास १९०१ मध्ये भारतातील पहिला खाण कायदा झाला आणि खाणींच्या तपासणीसाठी सरकारी निरीक्षकांची यंत्रणा देशात रुजू लागली. तिच्यामागे मुख्यतः कोळसा खाणींतील अपघात होते, तरी तिचा लाभ कालांतराने धातूंच्या खाणींनाही मिळाला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि कामावर झालेल्या इजेचे दायित्व मालकावर आले. त्याच्या परिशिष्टात कोणता मजूर संरक्षणास पात्र याची यादी होती, आणि तीत धरण किंवा बांध असेल तर त्याची सर्वांत खालच्या बिंदूपासून वरपर्यंतची उंची किमान बारा फूट असावी, अशी अट दीर्घकाळ राहिली. तलावांच्या या जिल्ह्यात असंख्य लहान तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, त्याहून कमी उंचीच्या पाळीच्या आहेत. अशा पाळीवर काम करणारा मजूर त्या नोंदीच्या बाहेरच राहिला.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि सरकार, मालक व कामगार या तिघांनी एकत्र बसून श्रमविषयक धोरण ठरविण्याची पद्धत त्याच काळात दृढ झाली. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि तीत त्यांचा पराभव झाला. कामगाराला चर्चेच्या मेजावर जागा मिळवून देणारा हा नेता या जिल्ह्याचा प्रतिनिधी होऊ शकला नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला आणि त्याखाली १९६१ मध्ये धातू खाणींसाठी विनियम झाले. वर वर्णिलेल्या पोकळीच्या धोक्याला येथे नेमके उत्तर मिळालेले दिसते : उघड्या खाणीत माती, मुरूम अशा सैल थरांना ४५ अंशांपेक्षा जास्त उतार नको, किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या पाडाव्यात आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, तसेच दरड खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवू नये. जीवघेणा अपघात झाल्यास निरीक्षक येईपर्यंत किंवा त्याच्या संमतीवाचून जागा हलवू नये, हेही कायद्यानेच बजावले. १९६२ मध्ये जुन्या ब्रिटिश कंपनीच्या खाणी केंद्र व राज्य सरकारांच्या भागीदारीतील नव्या कंपनीकडे आल्या. आज ती मॉईल या नावाने ओळखली जाते आणि चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या पद्धतीने काम चालते. १९६६ च्या नियमांनी नव्या कामगाराला प्रशिक्षण दिल्याशिवाय खाणीत कामाला लावणे अशक्य केले.

या सर्वांपेक्षाही मूलगामी ठरली ती १९८५ मध्ये खाण नियमांत झालेली भर. तिच्यानुसार शंभरांहून अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक खाणीत सुरक्षा समिती नेमणे बंधनकारक झाले, आणि पाचशे किंवा अधिक माणसांच्या खाणीत कामगार निरीक्षकाचे पद निर्माण झाले. कामगार निरीक्षक म्हणजे मान्यताप्राप्त संघटनेशी विचारविनिमय करून कामगारांतूनच नेमलेली, आवश्यक पात्रता असलेली व्यक्ती, जी खाणीची पाहणी करते, आढळलेले दोष नोंदवहीत लिहिते आणि तातडीचा धोका दिसल्यास व्यवस्थापकाला व सरकारी निरीक्षकाला कळविते. छताला आधार नीट बसलेला नाही, असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती वही आली आणि त्या वहीतील शेऱ्याला उत्तर देणे व्यवस्थापनावर बंधनकारक झाले. यामुळे खाणी निर्धोक झाल्या असे नाही; खडक कोसळण्याचा धोका भूमिगत खाणीत नेहमीच असतो. परंतु धोका प्रथम ज्याला दिसतो त्याच्या शब्दाला वजन आले, आणि माणसाला अग्रस्थान देणारी सुरक्षा म्हणतात ती व्यवहारात याहून वेगळी नसते.

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. योगायोगाने त्याच वर्षीच्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने बांधकामातील सुरक्षा व आरोग्याविषयीचा १६७ क्रमांकाचा करार स्वीकारला, ज्यात गंभीर धोका जाणवताच कामाच्या जागेवरून दूर होण्याचा कामगाराचा अधिकार मान्य केलेला आहे. भारतात मात्र बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला आणि महाराष्ट्राचे त्याखालील नियम २००७ मध्ये आले. अकरा किलोमीटरहून अधिक लांबीच्या आणि तेहतीस दरवाजांच्या या धरणाचे बरेचसे काम त्याआधीच पुढे गेलेले होते. २००९ मध्ये हा प्रकल्प राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला. १९९६ च्या कायद्याने सुरक्षा समितीची तरतूद केली आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असेही म्हटले. पण समितीसाठी एका आस्थापनेत पाचशे बांधकाम कामगार असण्याची अट घातली. खाणीत शंभरांवर लागू होणारी व्यवस्था बांधकामात पाचशेपर्यंत थांबली. मोठ्या प्रकल्पाचे काम तुकड्या पाडून ठेकेदारांना आणि त्यांच्याकडून पोटठेकेदारांना दिले जाते, हे लक्षात घेता हा आकडा एका हजेरीपटावर क्वचितच भरतो.

या कायद्याचा जो भाग लोकांपर्यंत पोहोचला तो कल्याणाचा होता. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून राज्याचे कल्याणकारी मंडळ चालते; वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र देऊन अठरा ते साठ वयाचा कामगार नोंदणी करतो आणि त्याला सुरक्षा संच, अत्यावश्यक संच व गृहोपयोगी भांडी मिळतात. गावोगावी ही योजना पेटी आणि भांड्यांच्या नावाने ओळखली जाते. गरीब घराला या वस्तूंचे मोल मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि शिरस्त्राण घरी पोहोचले म्हणून परांचीच्या, म्हणजे उंचावर काम करण्यासाठी बांधलेल्या बांबूंच्या माचाच्या, गाठी तपासणारे कोणी कामावर येत नाही.

दुष्काळ संहितेतील जुनी जाणीव यापेक्षा रोजगार हमीच्या परंपरेत अधिक टिकली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी व प्रथमोपचार पेटी ठेवणे आवश्यक ठरविले, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली आणि कामावर झालेल्या इजेचा उपचार मोफत केला. मामा तलावांतील गाळ काढणे आणि पाळी दुरुस्त करणे या कामांत जिल्ह्यातील स्त्रिया मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्या दृष्टीने या तरतुदी थेट उपयोगाच्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली असून, तिने बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा अडीचशे कामगारांवर आणली आहे. खाणीसाठी ती शंभर आहे. स्वतःच्या राहत्या घराचे बांधकाम १९९६ च्या कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत वगळलेले होते, ती मर्यादा नव्या संहितेत पन्नास लाख झाली. घरकुल योजनेत मिळणारे अनुदान या मर्यादेहून पुष्कळ कमी आहे, आणि खेड्यातील गवंडी, रेजा व सेंट्रिंग करणारा मजूर यांची उपजीविका अशाच घरांवर, सिमेंटच्या रस्त्यांवर आणि पाटाच्या दुरुस्तीवर चालते. दहा-पंधरा माणसांच्या या कामांना समितीची नव्हे, तर एका नोंदवहीची आणि ती वाचण्यास बांधील असलेल्या एका अधिकाऱ्याची गरज आहे. रोजगार हमीच्या कामांवर ग्रामरोजगार सेवक रोज मस्टर, म्हणजे हजेरीपट, भरतोच. त्याच मस्टरवर दरड, परांची आणि इजा यांविषयी मजुरांनी निवडलेल्या एकाचा शेरा घेणे आणि उतारासाठी काढलेली जादा माती मापात धरणे, या दोन गोष्टी जिल्हा परिषदेच्या पातळीवरही सुरू करता येतील.